गोळोबाचं माप

माझे सासरे बद्रीनाथ, म्हणजे आमचे नाना, यांनी एकतीस वर्षं ‘नाही’ म्हणायची नोकरी केली. आधी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात, मग शेंद्र्याला. हुद्दा क्वालिटी इन्स्पेक्टरचा. लेथवरून उतरलेला भाग हातात घ्यायचा, जबड्यात धरून माप सांगणारा व्हर्नियर लावायचा, माप बरोबर असलं तर हिरव्या रंगाचा ठिपका द्यायचा आणि चुकलं तर लाल. लाल ठिपक्याचा तुकडा वेगळ्या पेटीत जायचा आणि तो करणारा माणूस त्या दिवशी डबा न खाताच घरी जायचा, असं मुख्तारभाई सांगतात. मुख्तारभाई तिथलेच लेथ चालवणारे टर्नर. नानांनी एकदा एका पाळीत त्यांच्या चाळीस बुशा, म्हणजे लोखंडी नळकांड्या, लाल केल्या, तिथून दोघांचं भांडण जुंपलं. त्याच भांडणातून पुढं दोस्ती झाली आणि आजतागायत दोन्ही चालू आहे.

मी शाळेत गणित शिकवते आणि माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगते. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मी थापलेल्या भाकरीला नानांनी व्हर्नियर लावला नाही, पण डोळा बारीक करून तिच्याकडं असं पाहिलं की मी तवा आपटला. त्यावर ते शांतपणे म्हणाले, “तनुजा, कडेला दोन मिलिमीटर जाड हाय. चालंल.” चालंल म्हणजे हिरवा ठिपका, हे कळायला मला वर्ष लागलं.

निवृत्त झाल्यावर लोक बागेत फिरायला जातात. नाना किल्ल्यांवर जायला लागले, तेही खिशात व्हर्नियर घेऊन. देवगिरीला गाईड शाळेच्या पोरांना तोफेचा पल्ला सांगत होता आणि आमचे नाना त्याच तोफेच्या तोंडात खांद्यापर्यंत हात घालून आकडे पुटपुटत होते. राखणदारानं शिट्टी वाजवली. मी ओळखच दाखवली नाही.

घरी आल्यावर जेवताना भाषण असायचं. नानांच्या मते लढाईचा सगळा इतिहास म्हणजे फटीचा इतिहास. तलवार म्यानात किती सैल बसते, बाणाची खाच दोरीवर कशी बसते, आणि सगळ्यात मोठी गोष्ट, गोळा नळीत कसा बसतो. जुने लोहार लोखंडी पट्ट्या शेजारी शेजारी लावायचे आणि बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतात तशा तापवलेल्या कड्या वरून चढवायचे, झाली तोफ. गोळे पाथरवट हातानं घडवायचा. मग एक माणूस लोखंडी कडं घेऊन बसायचा आणि प्रत्येक गोळा त्यातून जातो का बघायचा. न जाणारा गोळा बाजूला ठेवायचा.

“म्हणजे माझी नोकरी चारशे वर्षं जुनी हाय,” असं म्हणून नाना वरणाची वाटी पुढं करायचे.

फट फार लहान ठेवली तर गोळा अडकून नळीच फुटायची आणि तोफेजवळची आपलीच माणसं मरायची. फार मोठी ठेवली तर दारूचा जोर बाजूनं निसटायचा आणि गोळा जवळच कुठंतरी पडायचा. या फटीला मुख्तारभाई आणि नाना ‘झोल’ म्हणतात. जरासा झोल पाहिजेच, असं नाना नेहमी म्हणायचे आणि एकदा ते माझ्याकडं आणि सासूबाईंकडं आळीपाळीनं बघत म्हणाले. त्या दिवशी आम्हा दोघींचं पहिल्यांदा एकमत झालं, आणि त्यांना दुसऱ्यांदा वरण मिळालं नाही.

आता ज्या तोफेमुळं हे सगळं सांगायला बसले तिच्याकडं येते. नानांचं गाव म्हणजे देवगाव रंगारीच्या अलीकडची एक वाडी. वाडीच्या वेशीत एक लोखंडी तोफ बूड जमिनीत पुरून, तोंड आभाळाकडं करून उभी आहे. कुणी पुरली, कधी पुरली, कुणाला ठाऊक नाही. छातीएवढी उंच. तिला गुरं बांधतात, तिच्यावर वैरणीचा भारा टेकवतात. ही तोफ कुणी कधी उडालेली ऐकली नाही, म्हणून आसपासच्या गावांत तिला ‘वांझोटी’ म्हणतात. बाजाराच्या दिवशी कुणी विचारलं, कुठल्या गावचे, तर आधी उत्तर आणि मग हसू. वांझोटीचे का?

हा शब्द नानांना इतरांपेक्षा जास्त लागायचा, आणि त्याला कारण होतं. नानांची थोरली बहीण दगडाबाई, म्हणजे आमच्या आत्या, नाना त्यांना आक्का म्हणतात. लग्नानंतर सात वर्षांत मूल झालं नाही म्हणून त्यांना सासरच्यांनी परत पाठवलं. तेव्हा नाना पाच वर्षांचे होते आणि त्यांची आई नुकतीच गेली होती. आक्कांनीच त्यांना न्हाऊ घातलं, शाळेत घातलं, मोठं केलं. पण गावात कुणाची ओटी भरायची असली की आक्कांना बोलावणं नसायचं. नाना नऊ वर्षांचे असताना बाजारात एकजण त्यांना म्हणाला, “तुमच्याकडं तर दोन हाईत, एक वेशीत आन् एक घरात.” नानांनी त्याला धोंडा मारला. ही गोष्ट नानांनी मला एकदाच सांगितली, आणि सांगताना चष्मा पुसत बसले. बहिणीवरचा शब्द पुसणं त्यांच्या हातात नव्हतं. तोफेवरचा पुसता येईल, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. त्यासाठी तोफेच्या तोंडात बसणारा एक गोळा मिळाला की झालं. गोळा घडवला होता, म्हणजे तोफ कामाची होती.

म्हणून नानांनी आधी तोफेच्या तोंडाचं माप घेतलं. व्हर्नियरचे जबडे बोटभरच आत जातात, तेवढं आत घालून घेतलं. सत्त्याण्णव मिलिमीटर. वहीत लिहिलं, खाली सही केली. मग त्यांनी घरोघर फिरून गोळे शोधायला सुरुवात केली, आणि गोळे निघालेही. आमच्या भागात जुना दगडी गोळा कुणी टाकून देत नाही. गोजरबाईंच्या घरी एक लोणच्याच्या बरणीत कैऱ्यांवर दाब म्हणून होता. एक गोठ्याच्या दाराला अडसर होता, एकानं एका घरात मिरच्या वाटत होते. नाना गोळा धुऊन, पुसून, चारही बाजूंनी मापायचे. कुठला लिंबाएवढा, कुठला कलिंगडाएवढा. नानांनी सगळ्यांवर लाल ठिपका ठेवला आणि ज्याचे त्याला परत केले. गोजरबाई म्हणाल्या, लोणच्याला रंग उतरंल. मग त्यांचा ठिपका खरवडून दिला.

चौदावा गोळा आमच्याच शेताच्या बांधात निघाला. काळाभोर दगड, गोल गरगरीत, वजन दीड किलोला जरा कमी.  मी तिथंच होते. माप आलं अठ्ठ्याण्णव. तोफेचं तोंड सत्त्याण्णव, गोळा अठ्ठ्याण्णव. एका मिलिमीटरनं मोठा.

“घासून बसवा की थोडा,” मी म्हणाले.

नानांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी परीक्षेत कॉपी करा म्हणाले होते. त्यांनी खिशातून रंगाची डबी काढली, लाल ठिपका ठेवला, गोळा आक्कांच्या घरामागं लिंबाच्या झाडाखाली ठेवला आणि न जेवता गाडीत येऊन बसले. मुख्तारभाई ज्या टर्नर लोकांचं सांगतात, तसे.

पुढं महिना-दीड महिना आम्ही गावाकडं गेलो नाही. मग आक्कांचा फोन आला.

“बद्री, लिंबाखाली देव निघालाय,” आक्का म्हणाल्या. “गोल हाय, आन् कपाळाला आपसूक लाल टिकली हाय. कुणी लावली नाय. म्या सगळ्यायला इचारलं.”

नाना फोन धरून उभेच राहिले. रविवारी आम्ही गेलो. झाडाखाली विटांचा छोटा ओटा, त्यावर गोळा, त्याला तेल-शेंदूर, समोर नारळ, झेंडूची फुलं. आजूबाजूच्या बायकांनी नावही ठेवलं होतं, गोळोबा. लेकराच्या पोटात गोळा उठला की गोळोबाचा अंगारा लावायचा. दोन लेकरं बरी झाली म्हणे. ती तशीही बरी झाली असती, पण हे मी नाकावरच्या रागासकट गिळलं, कारण मला दुसरंच काहीतरी दिसत होतं. सरपंचाच्या आई द्वारकाबाई नातवाला कडेवर घेऊन आक्कांच्या दारात उभ्या होत्या आणि म्हणत होत्या, “दगडाबाई, तुमच्या हातानं लावा. तुमच्या हाताला गुण हाय.” साठ वर्षांत आक्कांच्या दारात कुणी लेकरू घेऊन उभं राहिलेलं मी ऐकलं नव्हतं.

 परत येताना गाडीत नाना म्हणाले, “रिजेक्शनचा माल हाय तो.”

मुख्तारभाईंना कळलं तेव्हा त्यांना हसून हसून ठसका लागला. “नाना,” ते म्हणाले, “आप जिसको रिजेक्ट किये, दुनिया उसको पूज रही. मेरे चालीस बुश भी झाड के नीचे रख देते तो आज मेरा उरूस भरता.”

नाना सोडून सगळे हसले.

दिवाळी गेली, हुरड्याचे दिवस आले. पंचवीस जानेवारीला नानांनी मुख्तारभाईंना हुरडा खायला वाडीवर नेलं. मीही गेले, हुरड्यासाठी मी कुठंही जाते. वेशीत पेंटर तोफ रंगवत होता. दर पंधरा ऑगस्टला आणि दर सव्वीस जानेवारीला ग्रामपंचायत तोफेला तिरंगी पट्टे मारते. सगळ्यात वर केशरी, आणि पेंटर मन लावून काम करणारा असल्यानं ब्रश तोंडाच्या आतही वीतभर फिरवतो. मुख्तारभाई सवयीनं तोफेला टेकले आणि हात केशरी झाला. हात पुसता पुसता त्यांची नजर तोंडाच्या कडेवर गेली. तिथला एक टवका सुटला होता. त्यांनी नखानं तो उचकटला. पापुद्र्यावर पापुद्रा, केशरी, खाली केशरी, त्याखाली केशरी, मग कुठल्यातरी जमान्यातला चुना.

त्यांनी तो टवका नानांच्या तळहातावर ठेवला. “नाना,” ते हळू आवाजात म्हणाले, “नाप पेंट के ऊपर से लिया क्या?”

कारखान्यात नवीन पोरगं कामाला लागलं की नाना पहिल्या दिवशी एकच वाक्य पाठ करून घ्यायचे, रंगावरून माप घ्यायचं नसतं. नाना वेशीतच मातीत बसले. मी पाणी आणलं. व्हर्नियर काढून त्यांनी टवका मापला, दोन मिलिमीटर. दोन इकडून, दोन तिकडून.

मुख्तारभाईंना तीस वर्षांनी मोका मिळाला होता. लाल रंगाची डबी नानांच्याच खिशात होती. ती काढून मुख्तारभाई नानांच्या वहीतल्या सत्त्याण्णववर लाल ठिपका ठेवू शकले असते. पण त्यांनी डबी उघडलीच नाही, नानांचा हात धरून त्यांना उठवलं आणि हुरडा थंड होतोय म्हणाले. यासाठी मुख्तारभाईंना माझ्या घरी जन्मभर पुरणपोळी आहे.

पंचायतीचं पत्र घेतलं, कारण नाना कागदाशिवाय कशाला हात लावत नाहीत. मग दोन रविवार दोघं म्हातारे लाकडी पट्ट्या आणि गोधडीच्या चिंध्या घेऊन तोफेच्या तोंडात झुकलेले. लोखंडाला ओरखडा पडू द्यायचा नाही, अशी नानांची अट. आतून वाळलेली पानं, गांधीलमाशीचं जुनं घरटं, बिड्यांची थोटकं आणि एक शाळेची पट्टी निघाली. कुणीतरी आमच्याही आधी माप घ्यायला आलं होतं. सगळं साफ झाल्यावर नानांनी माप घेतलं. एकशे एक. गोळा अठ्ठ्याण्णव. तीन मिलिमीटरचा झोल. पाथरवटानं आणि लोहारानं जेवढा ठेवला असेल तेवढाच.

“हाच त्याचा गोळा,” नाना म्हणाले. मुख्तारभाईंनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

पण गोळा आता गोळा राहिला नव्हता. तो तोफेत घालून दाखवायचा तर आक्कांना सांगावं लागणार, की तुझ्या देवाची टिकली आपसूक आलेली नाही, मी नापास म्हणून लावलेली आहे. तोफेवरचा शब्द पुसायला जावं आणि आक्कांच्या दारातली लेकरं परत जावीत, असं झालं असतं. नाना चार दिवस झोपाळ्यावर बसून राहिले. मी त्यांना म्हणाले, “नाना, राहू द्या तोफेचं. आक्का महत्त्वाच्या.” ते म्हणाले, “तिच्यासाठीच तर चाललंय.” मला रडू आलं, आणि मला रडू आलं की मी भांडी जोरात घासते.

शेवटी नाना आक्कांकडं गेले. मी आणि मुख्तारभाई अंगणात उभे. आक्का ज्वारी पाखडत बसल्या होत्या. नानांनी सगळं सांगितलं, माप, रंग, लाल डबी, सगळं. डबीही समोर ठेवली.

आक्कांनी सूप खाली ठेवलं नाही. “आन् मंग?” त्या म्हणाल्या. “शेंदूर काय देव सोता लावून घेतो व्हय? कुणीतरी माणूसच लावतंय की. तू लावलास. चांगलं झालं, घरच्या माणसानं लावला.”

“आक्का, तो लाल म्हंजे नापास असतो.”

“ते तुमच्या कारखान्यात,” आक्का म्हणाल्या. मग जरा वेळानं सूप थांबलं. “तोफंत बसतो म्हंतोस? खरंच?”

“तिचाच हाय, आक्का.”

आक्का उठल्या, हात झटकले आणि म्हणाल्या, सोमवारी आणते, गोळोबाचाच वार हाय.

सोमवारी वेशीत गाव जमलं. नानांनी कांद्याच्या गोणीची जाळी शिवून तिला दोरी बांधून आणली होती. गोळा जाळीत घालून आत सोडायचा, बसतो हे दाखवायचं आणि दोरीनं वर ओढायचा, अशी योजना. आक्का गोळोबाला पदराखाली घेऊन आल्या. नानांनी व्हर्नियर लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. शेंदराचे थर चढून चढून गोळा झाला होता शंभर.

“एकच मिलिमीटर उरला,” नाना म्हणाले. “अडकंल. आक्का, शेंदूर काढावा लागंल.”

“देवाची कातडी सोलायची नाय,” आक्का म्हणाल्या. “आन् हे काय? देवाला कांद्याच्या जाळीत घालायचं?”

“मग वर कसा काढायचा?”

“कशाला काढायचा?”

आक्कांनी दोन्ही हातांनी गोळा तोफेच्या तोंडावर धरला.  नाना मुख्तारभाईंचा दंड धरून उभे होते आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते, मला वाटतं ते शंभर आणि एकशे एकच म्हणत असावेत. आक्कांनी हात सोडले.

क्षणभर गोळा कडेलाच बसल्यासारखा वाटला. मग कडेवर थोडा शेंदूर सोडून तो आत गेला. आतून घरंगळण्याचा आवाज आला, आणि खोल तळाशी धप्प. पायाखालच्या मातीलाही तो कळला.

आक्कांनी तोफेला कान लावला. मग मान वर करून जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “तिच्या पोटात गोळा हाय आता. आता कुणी तिला वांझोटी म्हणायचं नाय.”

आधी कुणी हसलं, मग सगळे हसले, चांगलं हसू होतं ते. आक्कांनी पदराखालून आणखी एक गाठोडं काढलं, त्याची मला कल्पना नव्हती. खण, नारळ, ओंजळभर तांदूळ. त्यांनी तोफेला हळदकुंकू लावलं आणि तिची ओटी भरली. ज्यांना साठ वर्षं कुणी ओटीला बोलावलं नाही, त्यांना ती कशी भरायची हे सगळं पाठ होतं. द्वारकाबाई पुढं झाल्या, आपल्या कपाळाकडं बोट दाखवून म्हणाल्या, “मलाबी लावा, दगडाबाई.” त्यांच्यामागं रांग लागली. रांगेत मीही उभी राहिले आणि माझ्या नाकावर त्या वेळी राग नव्हता, दुसरंच काहीतरी होतं, ते पुसत होते.

रांग संपल्यावर नानांनी खिशातून डबी काढली. या वेळी हिरवी. या कामावर निघाल्यापासून ती एकदाही उघडली नव्हती, झाकण घट्ट बसलं होतं, ते मुख्तारभाईंनी उघडून दिलं. नानांनी तोंडाच्या आतल्या कडेला, साफ केलेल्या उघड्या लोखंडावर, एक हिरवा ठिपका ठेवला.

“हे कशाचं?” आक्कांनी विचारलं.

“पास झाली,” नाना म्हणाले.

“कोण, तोफ?”

नानांनी आक्कांकडं पाहिलं. चष्मा काढला, पण पुसला नाही.

“दोघी,” ते म्हणाले.

आक्का जवळ आल्या. त्यांनी नानांच्या हातातली डबी घेतली, झाकण दाबून नीट बसवलं आणि परत दिली. उघडी ठेवली तर रंग वाळतो, म्हणाल्या.